जुना फोटो कधीचा ते कसं ओळखायचं (पेठेतल्या लोकांसाठी)

पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत फोटो सापडले की आपण मोबाईलनं टिपून ग्रुपवर टाकतो, खाली 'जुनं पुणं' लिहितो आणि मोकळे होतो. अहो पण कुठलं, कधीचं?

आधी फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल आणि इंग्रजीत 'पूना' असेल तर बहुतेक १९७८ च्या आधीचा, कारण नाव बदललं तेव्हा. बहुतेक म्हणतोय कारण जुना शिक्का संपेपर्यंत... शिक्का कुठे संपतो, लोक वर्षानुवर्षं तोच मारायचे. पत्त्यात ४११०३० असा पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा नक्की, पिनकोड आलाच त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. नुसतं 'पुणे ३०' असेल तर त्यावर जाऊ नका, सदाशिवातले लोक अजूनही तेवढंच लिहितात.

मग झूम करून दुकानांच्या पाट्या वाचा. अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी लागलीये, पाटी नसेल तर शर्टाचा खिसा बघा, तो घालणाऱ्याच्या डावीकडे पाहिजे. मागे मंडईचा मनोरा असेल तर १८८६ च्या अलीकडचा, शिवाजी पूल असेल तर १९२३ च्या. जंगली महाराज रोडला जिथे बालगंधर्व रंगमंदिर हवं तिथे काहीच नसेल तर १९६८ च्या आधीचा.

पण सगळ्यात भारी काम घरातली म्हातारी माणसं करतात, फक्त त्यांना साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. विचारा, "पुराच्या आधीचा का नंतरचा?" पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला आणि नदीकाठच्या पेठांमधल्या लोकांचं कॅलेंडर तिथूनच दोन भागात फाटलंय. आमच्या शनिवारातल्या वाड्याच्या ओट्यावर चार पोरं बसलेला एक फोटो आहे, मी त्याला पासष्टचा म्हणत होतो. आजीनं चष्मा वर केला, पोरांकडे बघितलंच नाही, मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. "रेघ कुठंय? पाणी चढलं त्याची रेघ होती इथं, किती चुना मारला तरी वर यायची. आधीचाय हा." विषय संपला. अशा वेळी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसऱ्यांदा विचारलं की तेवढं नीट सांगत नाहीत.

एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सुटे करू नका, चेहराच निघून येतो, तसेच जाणकाराकडे न्या. बाकीचे ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूपण. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी सावलीत, फ्लॅश बंद. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, बॉलपेन अजिबात नको, पुढच्या बाजूला उठतं. फाईलला नाव देताना पेठ, जागा, अंदाजे साल आणि कोणी सांगितलं तेपण टाका. आमची फाईल 'शनिवार_ओटा_१९६१पूर्वी_आजी' आहे.