मंडळाचा कार्यक्रम खरंच जमला का, कसं बघायचं?

गणपतीला हॉल भरतोच, जेवण असतं ना, त्यामुळे नुसती डोकी मोजू नका. कार्यक्रम ठरवतानाच वहीत एक ओळ लिहा, हा कशासाठी? म्हणजे कोजागिरी नवीन मेंबरांची ओळख व्हावी म्हणून असेल तर मग नवीन किती आले आणि त्यातले संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परत किती आले, एवढंच बघायचं. दारावरचं रजिस्टर आणि वर्गणी रिन्यूअलची यादी शेजारी ठेवून नावांवर टिक करत जा, अर्ध्या तासाचं काम आहे. खर्च भागिले हजेरी तर काढाच. फीडबॅक फॉर्मवर सगळे 'छान' लिहितात हो, त्यापेक्षा न आलेल्या पाच जणांना फोन करा, आमच्याकडे तेव्हाच कळलं की आजींना रात्री परत जायला रिक्षा मिळत नाही.