वस्तीची आखणी वाचायची कशी?

नगररचनेचं काम करताना एक तक्रार माझ्या कानावर सतत येते: बाक बसवले, झाडं लावली, दिवे बदलले, तरी इथे माणसं थांबत नाहीत आणि दुकानं टिकत नाहीत. मी अशा वेळी आधी नकाशा मागते. माणसं एकमेकांना बहुतेक वेळा जाता-येता भेटतात, आणि गिऱ्हाईकही बरंचसं जाता-येताच दुकानात शिरतं. जो रस्ता कुणाच्याच वाटेवर नाही तो कितीही सजवला तरी ओस राहतो. म्हणून खर्चाचं नंतर बघा, आधी आखणी वाचायला शिका. त्यासाठी नकाशा, पेन्सिल आणि दोन-तीन मोकळे तास पुरतात.

नकाशावर तुमच्या भागाचा एक चौरस तुकडा निवडा. एका कोपऱ्यातून निघून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात पोचायचं आहे, मागे न वळता. असे मार्ग किती निघतात ते काढून बघा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या मध्यभागी एक ब्लॉक, म्हणजे चारही बाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा चौकोन, बाजूला 200 फुटांचा आहे, सॉल्ट लेक सिटीत 660 फुटांचा. रस्ते धरून हिशोब केला तर सॉल्ट लेकच्या एका ब्लॉकच्या जागेत पोर्टलंडचे साधारण नऊ बसतात. तेवढाच चौरस तिरका ओलांडायला सॉल्ट लेकमध्ये मार्ग मिळतात दोन, पोर्टलंडमध्ये वीस. चालायचं अंतर जवळपास तेच, पण वाटेत वळायची संधी कितीतरी जास्त. मोठ्या ब्लॉकच्या दोन बाजूंना राहणारी दोन माणसं वर्षानुवर्षं आपापल्या रस्त्याने जातात आणि त्यांची गाठच पडत नाही. लहान ब्लॉकमध्ये आज या गल्लीने, उद्या त्या गल्लीने जाणं होतं, आणि आतल्या रस्त्यावरच्या छोट्या दुकानाकडेही नजर जाते.

याचा अर्थ गल्ल्या जितक्या जास्त तितकं बरं, असा मात्र नाही. वस्ती विरळ असेल तर जादा वाटांमुळे आहे ती माणसंही पांगतात. म्हणून दुसरं काम करा: बसथांबा, शाळा, दवाखाना, बाजार इथून घरांकडे जाणाऱ्या जवळच्या वाटा एकावर एक रेखाटा. जिथे रेघा साचून जाड होतात, तिथे वर्दळ असणार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट अनेक वर्षं अभ्यासली. वर्दळीचा मोठा हिस्सा रस्त्यांच्या जोडणीतूनच येतो. दुकानं ती वर्दळ बघून येतात आणि मग तिच्यात भर घालतात. नवं दुकान टाकणाऱ्याला मी म्हणूनच भाड्याच्या आधी ही जाड रेघ दाखवते.

आता नकाशा खिशात घाला आणि चालायला लागा. आपण ताशी साधारण पाच किलोमीटर चालतो, म्हणजे 100 मीटरला सव्वा मिनिटाच्या आतबाहेर. तेवढ्या अंतरात एका बाजूला रस्त्यावर उघडणारी दारं मोजा. दहा दारं असतील तर दर सात सेकंदांना काहीतरी नवीन समोर येतं: कुणी कुलूप काढतंय, कुणी उंबऱ्यात उभं राहून बोलतंय, काचेमागे कुणी काम करतंय. त्याच जागी एकसलग कुंपणभिंत किंवा पार्किंग असेल तर सव्वा मिनिट काहीच घडत नाही, आणि माणूस नकळत पाय उचलतो. मोठ्या संकुलांच्या लांबलचक भिंतींवर माझा राग आहे तो यासाठी. आत हजार माणसं राहत असतील, पण रस्त्याच्या वाट्याला त्यांचं एकच फाटक येतं.

वाहनांकडेही याच नजरेने बघा. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या शेजारशेजारच्या रस्त्यांची तुलना केली होती. दिवसाला सुमारे 2,000 वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर एकेका रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते; 16,000 वाहनांच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. घरं साधारण सारखीच होती. वाहनांमुळे रस्त्याच्या समोरच्या बाजूशी नातं तेवढं तुटलं होतं.

यानंतर एका जागी बसा आणि थांबलेली माणसं चालणाऱ्यांपेक्षा वेगळी मोजा. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रीकरण करून बघितलं, तेव्हा गप्पा मारणारी माणसं बाजूला न सरकता ऐन वर्दळीतच थांबताना दिसली. कोपऱ्यावर दोघं भेटतात, निरोप घेतात, पुन्हा बोलत राहतात. म्हणून फुटपाथ नुसता चालण्यापुरता रुंद असून भागत नाही. कोपऱ्यावर दोघं उभी राहिली तरी तिसऱ्याला जाता आलं पाहिजे. बाकही तिथेच हवेत, बागेच्या मागच्या भिंतीला लागून नकोत.

हे सगळं घेऊन महापालिकेकडे मागण्या मांडताना क्रम सांभाळा. सगळ्यात आधी बंद वाट उघडून मागा: दोन गल्ल्यांमधली भिंत, संकुलाचं मागचं फाटक, नाल्यावरचा पादचारी पूल. दहा फुटांची एक वाट नकाशावरच्या जाड रेघा बदलू शकते. त्यानंतर भिंतींच्या जागी दारं, मग वाहनांचा वेग कमी करणं, मग बाक आणि सावली. वाहनांना आळा घालायचं म्हटलं की दुकानदार बिथरतील, ते समजण्यासारखं आहे. कोपनहेगनचा स्ट्रॉयट रस्ता 1962 मध्ये वाहनांना बंद झाला तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनाही धंदा बसण्याची धास्ती होती. पुढे तो शहराचा मुख्य बाजाररस्ता म्हणून टिकला, आणि आसपासचे रस्तेही टप्प्याटप्प्याने पायी चालणाऱ्यांना दिले गेले. तुमच्याकडेही आधी काही आठवड्यांचा प्रयोग मागा, कायमच्या निर्णयावर अडून बसू नका.

प्रयोगाआधीची मोजणी मात्र चुकवू नका. तोच कोपरा, तोच वार, तीच वेळ, तसंच हवामान. जाणारे किती, थांबलेले किती, दुकानात शिरलेले किती. प्रयोग सुरू असताना पुन्हा तसंच मोजा आणि मोजायला एखाद्या दुकानदारालाच सोबत घ्या. बैठकीत ते आकडे त्यानेच वाचून दाखवले, तर इतर दुकानदार ते लक्ष देऊन ऐकतात.