सणासुदीला मित्रांसोबत नाहीतर ऑफिसवाल्यांसोबत जेवण, ट्रिप ठरवताय? मग आधी ज्याला यायला सगळ्यात जड जातं त्याला विचारा

सणांचे दिवस जवळ आले की प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज येतो, यावेळी भेटायचंच. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा, जुन्या ऑफिसचा, आत्ताच्या ऑफिसचा, सगळीकडे. लोक धडाधड अंगठे टाकतात, कोणी विचारतं कुठे, कोणी म्हणतं तुम्ही ठरवा मी येतोच, आणि मग सण संपतो तरी कोणाची भेट झालेली नसते. किंवा भेट होते पण निम्मेच येतात, आणि नेहमी तेच निम्मे. या राहिलेल्या निम्म्यांबद्दल मला फार वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून यायचं असतं, फक्त प्लॅनच असा झालेला असतो की त्यांना जमणार नाही.

होतं काय की आपण प्लॅन करतो तो ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही दोन-तीन जणांच्या सोयीने. ज्यांच्याकडे गाडी आहे, वेळ आहे, खिशात पैसे आहेत, रात्री कितीही वाजले तरी चालतं. हे उलटं करून बघा. ग्रुपमध्ये कोणाला यायला सगळ्यात अवघड आहे ते आधी शोधा. कोणाचं बाळ लहान आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची नोकरी नुकतीच गेलीय, कोणी लांब राहतं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणी पीत नाही, कोणी टीममध्ये नवीन आहे आणि कोणालाच ओळखत नाही. त्यांना जमेल असा प्लॅन केला तर बाकीच्यांना तो जमतोच, कारण त्यांच्याकडे मुळात अडचण कमी आहे.

पण हे ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारायचं नाही. ग्रुपवर कोणीही लिहिणार नाही की मला परवडत नाही. एकेकाला वेगळा मेसेज करा किंवा सरळ फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे, "तुला दुपार सोपी पडेल का संध्याकाळ, आणि साधारण किती खर्च चालेल" एवढंच विचारा. उत्तरात सगळ्यात कमी जो आकडा येईल तो तुमचं बजेट, सरासरी काढत बसू नका, सरासरी काढली की खालचे लोक गुपचूप गळतात.

तारखेचं सांगायचं तर ग्रुपला कधीही "कधी भेटूया" असं मोकळं विचारू नका, त्याला दहा उत्तरं येतात आणि एकही जुळत नाही. दोनच तारखा द्या, पोल टाका, पोल कधी बंद होणार ते लिहा, आणि बंद झाला की जी तारीख पुढे आहे ती पक्की, परत चर्चा नाही. ऐन सणाचा दिवस सोडा, त्या दिवशी माणसं घरच्यांची असतात. सणाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांची धावपळ असते, त्यामुळे मला विचाराल तर सण झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी ठेवलेलं सगळ्यात बरं, गर्दी ओसरलेली असते, जागा मिळते, आणि पगार होऊन चार दिवस झालेले असतील तर अजूनच चांगलं. ठरवणारा माणूस मात्र एकच हवा. मदतीला चौघं असू देत पण शेवटचा शब्द एकाचा.

मेसेज असा टाका की परत कोणाला काही विचारावं लागू नये. म्हणजे दिवस, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, जागा, माणशी जास्तीत जास्त किती खर्च, पैसे कधी द्यायचे, सोबत कोणाला आणता येईल, आणि हो-नाही कधीपर्यंत सांगायचं. यातली संपायची वेळ लोक हमखास विसरतात आणि खरं तर तीच लिहायला हवी, कारण ज्याला घरी बाळ सोडून यायचंय किंवा शेवटची गाडी पकडायचीय त्याला उठायला निमित्त शोधावं लागत नाही.

आता पैसे, कारण मैत्रीत सगळ्यात जास्त कुरकुर इथेच होते आणि ती कोणी तोंडावर बोलत नाही. बिल सरळ भागिले माणसं करायची सवय आपल्याला सोपी वाटते, पण त्यात जो कमी खातो, पीत नाही किंवा उशिरा येतो तो दुसऱ्याचे पैसे भरतो. यावर उरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये रेस्टॉरंटमध्येच प्रयोग केला होता, 2004 साली तो प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांचे ग्रुप जेवायला बसवले, काहींना आपापलं बिल, काहींना सारखं वाटून, काहींना फुकट. फुकटवाल्यांनी सगळ्यात जास्त मागवलं यात नवल नाही, पण बिल सारखं वाटायचंय हे माहीत असलेल्यांनीसुद्धा आपापलं बिल भरणाऱ्यांपेक्षा जास्त मागवलं, आणि गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांना आपापलं बिलच हवं होतं. म्हणजे सारखी वाटणी बऱ्याच जणांना नको असते आणि वर तिने बिलही फुगतं.

त्यावर दोन उपाय चालतात. ग्रुप मोठा असेल, साधारण दहाच्या वर, तर रेस्टॉरंटशी बोलून माणशी ठरलेल्या रकमेत मेनू पक्का करा आणि पैसे आधीच गोळा करा. दारू त्यात धरायची नाही, तिचं बिल वेगळं, जे पितात ते भरतील. ग्रुप छोटा असेल तर बसल्या बसल्याच वेटरला सांगा की बिलं वेगवेगळी करा, शेवटी सांगितलं तर त्यालाही त्रास आणि आपलाही अर्धा तास हिशोबात जातो. कोणाला सगळ्यांचं बिल द्यायची हौस असेल तर जरूर द्यावं, पण मग आधी सांगावं, म्हणजे परवडत नाही म्हणून घरी बसलेला माणूस तरी येईल.

बुकिंग करताना हे विचारून घ्या: ॲडव्हान्स किती, माणसं कमी झाली तर पैसे कापणार का, फायनल आकडा कधीपर्यंत द्यायचा, टेबल किती वेळ आपलं, सर्व्हिस चार्ज लावतात का. सणाच्या सीझनला बऱ्याच जागी टेबल ठरावीक वेळेपुरतंच देतात आणि ते तिथे गेल्यावर कळलं की सगळा मूड जातो.

बसायची सोय हा विषय लोक अगदीच सोडून देतात, पण मला विचाराल तर भेट चांगली होणं-न होणं निम्मं इथेच ठरतं. रॉबिन डनबार म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं की मोकळ्या गप्पांमध्ये एका संभाषणात साधारण चारच जण टिकतात, पाचवा-सहावा आला की गप्पा फुटून दोन होतात. आता वीस जणांचं एकच लांबलचक टेबल डोळ्यासमोर आणा, टोकाला बसलेला माणूस दोन तास फक्त शेजाऱ्याशी बोलतो आणि तो शेजारी जर फोनमध्ये असेल तर संपलंच. त्यामुळे शक्य असेल तर सहा-आठ जणांची गोल किंवा चौकोनी टेबलं मागा, आणि जेवणाच्या मध्यात, म्हणजे मेन कोर्स झाला की, निम्म्या लोकांना टेबल बदलायला सांगा. जरा हसतात, कुरकुरतात, पण बदलल्यावर सगळे खूश होतात. नवीन माणसाला कोपऱ्यात बसवू नका, मधोमध बसवा आणि शेजारी असा माणूस ठेवा जो स्वतःहून बोलतो.

आवाजाचंही बघा. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, मग शेजारचं टेबल त्याहून मोठ्याने, आणि हे चढतच जातं, एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच हे नोंदवलं होतं. ज्याला कमी ऐकू येतं तो अशा ठिकाणी फक्त मान डोलावत बसतो, ते बघवत नाही. स्पीकरपासून लांबचं टेबल मागा, भिंतीला पाठ असलेली खुर्ची त्याला द्या, आणि म्युझिक हळू करायला सांगायला अजिबात लाजू नका.

खाण्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक म्हणजे काय खात नाही, आणि दुसरा म्हणजे काय खाल्लं तर त्रास होतो. पहिल्यात आवड, धर्म, उपास, पथ्य सगळं आलं, तिथे प्रत्येकाला निदान दोन पदार्थ पोटभर खाता येतील एवढं बघा, नुसतं सॅलड पुढे ठेवून सोय झाली असं समजू नका. दुसरा प्रश्न जिवावरचा आहे. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे आणि तीळ, गंभीर ॲलर्जी जास्त करून यांच्यामुळे दिसते. पदार्थात ती वस्तू नसली तरी तेच तेल, तोच झारा वापरला तरी पुरेसं होतं, म्हणून किचनला फोन करून स्पष्ट सांगा. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्याकडे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर ते कुठल्या बॅगेत आहे हे शेजारी बसणाऱ्या एकाला तरी माहीत असू दे. घसा आवळायला लागला, श्वास लागला, तर साधी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, आधी इंजेक्शन आणि लगेच ॲम्ब्युलन्स.

प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा असेल तर खर्च खूप कमी होतो आणि मजाही येते, पण खाणं बाहेर किती वेळ राहिलं यावर एका माणसाने लक्ष ठेवलंच पाहिजे. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर तसंच ठेवायचं नाही, आणि उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. यात प्रवासाचा वेळही धरायचा, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. परत गरम करताना वाफा येईपर्यंत, मधोमधपर्यंत गरम झालं पाहिजे, नुसतं कोमट केलं तर उपयोग नाही. कोण काय आणणार त्याची यादी आधी करा, नाहीतर गोडाचे सहा डबे आणि जेवण कोणीच आणलेलं नाही असं होतं. ज्याला स्वयंपाकाला वेळ नाही त्याला पाणी, प्लेट, ग्लास आणायला सांगा, ते काम कमी महत्त्वाचं नाहीये.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. लिव्हर आपल्या ठरलेल्या वेगानेच काम करतं, ढोबळमानाने तासाला एक छोटा पेग, आणि कॉफी, थंड पाणी, आंघोळ, लिंबू यातल्या कशानेच तो वेग वाढत नाही. कॉफीने माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही. म्हणून गाडी कोण चालवणार ते निघायच्या आधी ठरवा आणि त्याने एकही घ्यायची नाही, "एकच घेतलीये" हा प्रकार नको. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी काहीतरी धड प्यायला ठेवा, आणि का पीत नाहीस हे विचारायचं नाही, एकदाही नाही. औषध चालू असेल, प्रेग्नन्सी असेल, सोडलेली असेल, किंवा फक्त आवडत नसेल, सांगायचं का नाही ते त्याचं तो बघेल.

ऑफिसच्या जेवणाचं गणित थोडं वेगळं आहे कारण तिथे नाही म्हणणं सोपं नसतं. माझं ठाम मत आहे की ते दुपारी, ऑफिसच्या वेळेतच ठेवावं. संध्याकाळी ठेवलं की ज्यांना घरी जाऊन मुलांचं बघायचंय ते गळतात आणि त्यात बायका जास्त असतात. कोणी आलं नाही तर कारण विचारू नका. काँट्रॅक्टवरचे लोक, सिक्युरिटी, सफाईचे लोक, रिसेप्शनवरची मुलगी, हे सगळे त्याच ऑफिसचे आहेत, त्यांना बोलवा आणि त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नका. वर्गणी काढायचीच असेल तर पगाराप्रमाणे, साहेबाने जास्त द्यावेत. साहेबांनी थोडा वेळ बसून लवकर निघालेलंही चांगलं, नंतरच्या गप्पा मोकळ्या होतात. आणि सजावट, ऑर्डर, वाढणं हे दरवेळी त्याच दोन-तीन मुलींच्या गळ्यात पडतं, चिठ्ठ्या टाकून कामं वाटा. गिफ्टची अदलाबदल असेल तर कमाल रक्कम लहान ठेवा आणि ती सगळ्यांनी पाळा.

बाहेर फिरायला जायचं असेल तर ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग, तो धरूनच ठिकाणं निवडा, दिवसात दोन पुरे. टॉयलेट कुठे आहे, बसायला जागा आहे का, परतीचं शेवटचं वाहन किती वाजता, एवढं आधी बघून ठेवा. सगळ्यात मागे एक माणूस ठरवून ठेवा जो कोणाला मागे पडू देत नाही. फोनला नेटवर्क नसेल तर भेटायची जागा आणि वेळ सकाळीच सांगा. उशीर करणाऱ्यांची वीस मिनिटं वाट बघा, मग निघा आणि त्यांना पुढची जागा कळवा, म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा होत नाही.

फोटो काढा पण टाकायच्या आधी विचारा, विशेषतः मुलांचे आणि ज्यांच्या हातात ग्लास आहे त्यांचे. निघताना कोण एकटं जातंय ते बघा, त्याला कोणासोबत तरी जोडून द्या आणि पोचल्यावर मेसेज टाकायला सांगा, मेसेज आला नाही तर फोन करायचं काम ठरवणाऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी हिशोब ग्रुपवर टाका, बिलाच्या फोटोसकट, किती जमले, किती गेले, किती उरले. उरलेले परत करा किंवा पुढच्या वेळेसाठी ठेवायचे का ते विचारा, आणि कोणाकडून यायचे बाकी असतील तर त्याचं नाव ग्रुपवर लिहू नका, त्याला वेगळा मेसेज करा.