लहान जातीच्या पिल्लाला सू-शीची सवय कशी लावायची: सोलापूरच्या घरांसाठी

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, ल्हासा, डॅशहुंड ही पिल्लं मोठ्या जातींपेक्षा शिस्तीला उशिरा येतात, हे खरं आहे. त्याचं अर्धं कारण शरीराचं. मूत्राशय छोटं असतं, ते लवकर भरतं. उरलेलं अर्धं कारण माणसांचं. लॅब्रॅडॉरच्या पिल्लानं हॉलमध्ये सू केली की अख्खं घर उठून उभं राहतं. पॉमनं पलंगाखाली केलेली चमचाभर सू दिसतच नाही, आणि दिसली तर पायपुसण्यानं पुसून विषय संपतो. पिल्लाच्या दृष्टीनं मात्र ती जागा तिथंच पक्की होते.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. ‘घराच्या आत’ आणि ‘घराबाहेर’ हा भेद पिल्लाला कळत नाही. त्याला कळतं ते पायाच्या तळव्याला काय लागतंय आणि नाकाला कसला वास येतोय. त्यामुळे वेळापत्रकाच्याही आधी जमीन ठरवायची.

जमीन कोणती?

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घरी आणूच नका. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कायद्यानंही मनाई आहे. आणल्यावर लसींचा कोर्स पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, त्याला रस्त्यावर किंवा बोळात उतरवू नका. पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि किलोभराच्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. म्हणून पहिली जागा घराच्या हद्दीतच शोधायची: जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनी, पेठेतल्या जुन्या घरात मोरीचा कोपरा किंवा मागचं अंगण.

सगळ्यात सोयीचा पडतो तो वाळूचा ट्रे. दोन फूट बाय दीड फूट, प्लास्टिकचा, पुढची कड दोन इंचांपेक्षा उंच नको, नाहीतर पिल्लू चढायचाच कंटाळा करतं. त्यात दोन इंच जाडसर वाळू. आपली काळी माती घालू नका. ओली झाली की पंज्यांना गोळे चिकटतात आणि तासाभरात सगळ्या घरात ठसे उमटतात. शी लगेच उचलायची, ओली वाळू रोज खुरप्यानं काढायची, आठवड्याला सगळी बदलायची. बाजारात कृत्रिम हिरवळीचे ट्रेही मिळतात आणि दिसतात छान, पण ती हिरवळ रोज बादलीभर पाण्यानं धुवावी लागते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हा हिशेब आधी करा.

जुना पेपर चालतो, पण पुढे आजोबांनी वाचून खाली ठेवलेला पेपरही त्याला तसाच दिसतो. कापड मात्र कधीच वापरू नका. सोलापूरच्या घरात टॉवेल आणि चादरी पावलोपावली असतात. एकदा का मऊ कापड म्हणजे सू करायची जागा हे तळव्यांना पटलं, की पायपुसणं, अंथरूण, कपड्यांचा ढीग, काहीच सुटत नाही. बाजारातल्या सू-पॅडचाही तोच तोटा.

मोरी निवडणार असाल तर तिथं भोकांचं रबरी मॅट टाका. मोरीची फरशी आणि स्वयंपाकघराची फरशी पायाला सारखीच लागत असेल, तर पिल्लानं फरक कशावरून करायचा?

गच्चीवर जागा केली असेल तर एक अडचण फेब्रुवारीअखेर सुरू होते. सकाळी शहाण्यासारखं गच्चीवर जाणारं पिल्लू दुपारी जिन्यातच सू करतं आणि घरचे म्हणतात, विसरलं. विसरलेलं नसतं, पाय भाजलेले असतात. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दुपारसाठी सावलीतली दुसरी जागा हवीच, आणि तिथंही तशीच वाळू हवी.

पिंजरा आणि कुंपण

नजरेआड फिरणारं पिल्लू शिकत नाही. पूर्ण वाढ झालेल्या पॉम किंवा शिह त्झूला २४ इंच लांबीचा तारेचा पिंजरा बहुधा पुरतो. पिल्लाला उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढीच जागा ठेवून बाकीची पुठ्ठ्यानं अडवा. जास्त जागा दिली की एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला सू असा संसार ते मांडतं. झोपायला जुन्या सोलापुरी चादरीची घडी उत्तम, पण कडेचे सुटलेले धागे आधी कापून टाका. त्या घडीवरच सू करत असेल तर चार-पाच दिवस घडी काढून घ्या. जी पिल्लं जन्मापासून घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेली असतात, त्यांना अंथरुणावर सू करायची लाज नसते. त्यांना जास्त वेळ लागतो.

पिंजरा म्हणजे शिक्षेची कोठडी नव्हे. जेवण तिथंच द्या, दिवसा दार उघडं ठेवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन तासांच्या वर आत कोंडू नका. घरातले सगळे कामावर जात असतील तर पिंजऱ्याऐवजी चार बाय चार फुटांचं कुंपण करा: एका बाजूला झोप, दुसऱ्या बाजूला ट्रे.

घड्याळ

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की जास्तीत जास्त तेवढे तास ते धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. पण हा हिशेब झोपलेल्या पिल्लाचा. जागं आणि खेळतं असेल तर लहान जातीचं पिल्लू पाऊण तासातही मोकळं होतं. म्हणून झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांत, खेळ थांबल्याथांबल्या आणि रात्री निजण्याआधी न्यायचंच. याखेरीज दर तासाला एकदा. दिवसाला बारा-पंधरा फेऱ्या होतात. पहिले दोन आठवडे हे करायला घरात कुणी नसेल, तर पिल्लू सुट्टीच्या सुमारास आणा.

चालवत नेऊ नका, उचलून न्या. चालता चालता मध्येच बसतं. ट्रेवर ठेवलं की एकच शब्द म्हणा. इथं सोलापुरात एक गंमत होते: मुलं मराठीत बोलतात, आजी तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये, शेजारची पोरं हिंदीत. पिल्लाला तिन्ही भाषा चालतील, पण या कामाचा शब्द एकच हवा. ‘सू’ म्हणा, दुसरं काही म्हणा, सगळ्यांनी तोच म्हणा.

पाच मिनिटं उभे राहा, बोलू नका, खेळू नका. सू झाली की दोन सेकंदांच्या आत शाबासकी आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा तुकडा. आत येऊन डबा उघडून दिलेला खाऊ फुकट जातो, कारण तो आत येण्याबद्दल मिळाला असं पिल्लू समजतं. खाऊ खिशातच ठेवा. आणि पहिल्या धारेवर आत आणू नका. पिल्लं बऱ्याचदा अर्धीच मोकळी होतात. आणखी दोन मिनिटं थांबलं की उरलेलं होतं. ‘आत्ताच तर करून आलं होतं’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर उचलून पिंजऱ्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा ट्रेवर. मधल्या वेळात मोकळं सोडलं तर दिवाणाखाली काम उरकून येईल.

रात्री दोन-अडीचला गजर लावून एकदा न्या, दिवा मंद ठेवा, लाड करू नका. आठवडाभर कोरडं राहिलं की गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी पुढे सरकवा. झोपण्याआधी दोन तास पाणी उचलून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पाळू नका.

कॅलेंडरवर वेळा लिहा: खाणं, सू, शी, चूक. चार दिवसांत दिसेल की चुका साधारण ठरावीक वेळेलाच होतात. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी न्यायचं, एवढंच.

चूक झाली तर

डोळ्यांदेखत होत असेल तर हलकी टाळी, उचलून ट्रेवर. नंतर दिसली तर फक्त पुसा. सूमध्ये नाक घासणं, चापट मारणं यातून पिल्लू एकच शिकतं: माणसासमोर सू करायची नाही. मग ट्रेवरही तुमच्यासमोर करत नाही आणि कपाटामागे जाऊन करतं.

पुसण्याच्या बाबतीत आपल्या घरांची खास अडचण शहाबादी फरशी. ती चुनखडीची, सांध्यांतून सू शोषते आणि व्हिनेगर लागलं की तिच्यावर पांढुरके डाग पडतात. तिच्यावर आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, थोड्या थंड पाण्यानं पुसा, मग खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर दोन्हींवर उत्तम. ते शिंपडून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं, लगेच पुसलं तर पैसे वाया. फिनाइल नको. ते आपल्या नाकाला फसवतं, कुत्र्याच्या नाही, आणि पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात जातं. ओल्या सूवर ब्लीचही ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो.

खाणं वेळेवर, तर शी वेळेवर

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. वाटी वीस मिनिटांनी उचला. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शीची वेळ कुणालाच सांगता येणार नाही. मात्र या जातींच्या पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवता येत नाही, रक्तातली साखर उतरते. पिल्लू लडखडायला लागलं, गळून पडलं, थरथरलं तर मध किंवा साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा आणि तडक डॉक्टरकडे न्या.

दूध-भाकरीवर वाढवू नका. दुधानं जुलाब होतात, आणि नुसत्या भाकरीत वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. शेंगाचटणीत लसूण असतो, तो आणि कांदा त्याला विषारी. द्राक्षं आणि बेदाणे तर एकही नको, मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात हंगामात ती घरोघरी टोपलीनं येतात, म्हणून मुलांना बजावून ठेवा.

घरात विड्या वळल्या जात असतील तर सूप आणि तंबाखू पिल्लाच्या उंचीवर ठेवू नका. चिमूटभर तंबाखूही एवढ्याशा जिवाला जड जाते: लाळ, उलटी, थरथर. माग असेल तर सुताचे तुकडे रोज झाडा. गिळलेला धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. पाणी साठवायचे हौद आणि टाक्या झाकलेल्या हव्यात.

हा शिस्तीचा प्रश्न नाही, असं कधी समजायचं

घरी आल्यावर कुणी वाकून हात लावला की थोडी सू सुटते, ती भीतीची किंवा आनंदाची. त्यावर रागावलं की वाढते. सरळ उभे राहा, दोन मिनिटं दुर्लक्ष करा. सवय लागलेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी बसू लागलं, कुंथू लागलं, सूमध्ये रक्त दिसलं, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. शी पातळ असेल तर आधी जंत बघा. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचं औषध देतात, मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. दिवाळीत किंवा गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री सगळी शिस्त कोलमडते. तेव्हा फटाके सुरू होण्याआधी मोकळं करून आणा आणि पिल्लाला आतल्या खोलीत ठेवा.

नर पिल्लू पाच-सहा महिन्यांनी पाय वर करून सोफ्याच्या पायावर खूण करू लागतं. त्याला पुन्हा दोन आठवडे कुंपणात घ्या आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

ट्रेवरून बाहेर

लसी पूर्ण झाल्या की ट्रे रोज फूटभर दाराकडे सरकवा. मध्येच चूक झाली तर ट्रे दोन दिवस मागे न्या. उंबऱ्याबाहेर गेला की ट्रेमधली थोडी ओली वाळू कागदावर घेऊन ठरलेल्या झाडाखाली टाका, पिल्लाला पट्ट्यानं तिथं न्या आणि तोच शब्द म्हणा. उन्हाळ्यात सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावरच. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर उन्हातली दहा मिनिटंही महागात पडतात. पावसाळ्यात लहान पिल्लं ओल्या चिखलात पाय टाकायला तयार नसतात. तेवढे महिने ट्रे दारामागे तसाच राहू द्या.