लाइटमन ते गॅफर (सेटवरच्या दिव्यांच्या टीमचा प्रमुख): आधी विजेचा हिशेब

मुंबईत लाइटमन (शूटिंगच्या सेटवर दिवे लावणारा) व्हायला सिनेमाची पदवी लागत नाही. आयटीआयमधला वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा कोर्स मात्र करून ठेवा, कारण हे काम आधी विजेचं आहे, मग प्रकाशाचं. सुरुवात दिवे भाड्याने देणाऱ्यांच्या गोदामात होते: केबल गुंडाळणं, स्टँड दुरुस्त करणं, बल्ब बदलणं. हॅलोजनच्या बल्बला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब फुटतो.

पहिला हिशेब पाठच हवा. वॅटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. 230 व्होल्टवर 2 किलोवॅटचा दिवा साधारण 9 अँपिअर खेचतो, 5 किलोवॅटचा 22. म्हणजे फ्लॅटमधल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर 5 किलोवॅटचा दिवा लावायचाच नाही. केबलचा ड्रम पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळतं.

जनरेटरचे तीन फेज (विजेच्या तीन वेगळ्या लाइन) असतात, भार तिन्हींवर सारखा वाटा. जनरेटर बंद असतानाच जोडणी करा: आधी अर्थिंगची वायर, मग न्यूट्रल, शेवटी फेज. काढताना उलट. चालू लाइनमध्ये न्यूट्रल सुटला, तर काही दिव्यांवर 230च्या जागी 400च्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात. एलईडी आणि बॅलास्ट (दिव्याला लागेल तशी वीज देणारा डबा) तिथेच जळतात. आमच्या मते सेटवरची सर्वात महाग चूक हीच.

सी-स्टँडचा (आडवा दांडा असलेला तीन पायांचा स्टँड) सर्वात उंच पाय वजनाच्या दिशेला ठेवा, सँडबॅग (वाळूची पिशवी) त्याच पायावर टाका. एचएमआय (दिवसाच्या रंगाचा उजेड देणारा मोठा दिवा) विझवला की बहुतेक वेळा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. दोन टेकच्या मधल्या वेळात उगाच बंद करू नका. जुन्या मॅग्नेटिक बॅलास्टवर सेकंदाला 24 फ्रेम्स असताना शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) 172.8 अंश ठेवायला कॅमेरा टीमला सांगा, नाहीतर फ्लिकर येतो, म्हणजे चित्रात उजेड लुकलुकतो.

गॅफर व्हायचं तर डीओपीचं (मुख्य कॅमेरामनचं) म्हणणं दिव्यांत मांडता यायला हवं. उघडा दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथा हिस्सा उरतो. 3200 केल्विनच्या (पिवळसर) दिव्याला फुल सीटीबी (गडद निळा जिलेटिन कागद) लावून दिवसाचा रंग आणलात, तर दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). त्यापेक्षा एचएमआय किंवा एलईडीच मागवा.

आता डीएमएक्सही (कंट्रोल बोर्डवरून दिवे चालवायची पद्धत) यावंच लागतं. एका युनिव्हर्समध्ये (एका डीएमएक्स लाइनवर) 512 चॅनल. 10 चॅनलचा पहिला दिवा पत्ता 1 वर ठेवला, तर पुढचा 11 वर. पत्ते एकमेकांवर चढले की एक फेडर (बोर्डवरची सरकपट्टी) हलवल्यावर दोन दिवे हलतात. प्रत्येक दिव्याचा पत्ता टेपवर लिहून त्याच दिव्यावर चिकटवा.