संगणकावर नोंद झाली, पण रुग्णाला विचारलं का? या चुका टाळा

केसपेपरच्या खिडकीवर एक आजी उभ्या होत्या. ऑपरेटरनं नाव आणि जन्मतारीख टाकली, जुनी नोंद सापडली, चिठ्ठी निघाली. आजी हलेनात. म्हणाल्या, "बापू, काय लिवलं थे वाचून तं दाखव." वाचलं तर त्यांच्या नावावर साखरेच्या गोळ्या चालू! आजींना साखर कधीच नव्हती. त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाई शेजारच्या गावात होत्या आणि दोघींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. जन्मतारीख माहीत नसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या कागदावर हीच तारीख असते. त्या दिवशी आजींनी हट्ट धरला नसता तर चुकीची गोळी त्यांच्या पोटात गेली असती.

म्हणून नाव आणि तारीख जुळली की नोंद उघडायची, ही सवय आधी मोडा. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव, टोला विचारा. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) क्रमांक असेल तर त्याचे १४ अंक पाहा. मग उघडलेली नोंद रुग्णाला ऐकू जाईल अशी वाचा. अर्धं मिनिट लागतं.

बाळंतिणींच्या बाबतीत उलटं होतं, एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. पहिलं बाळंतपण माहेरी, तिथं नोंद माहेरच्या नावानं; दुसऱ्या खेपेला सासरच्या उपकेंद्रात नवं नाव, नवी नोंद. आधीचं सिझेरियन, रक्तगट, कमी हिमोग्लोबिन सगळं मागं राहतं. "लग्नाआधीचं नाव काय? आधीची तपासणी कुठं झाली?" हे दोन प्रश्न आशाताई विचारतातच, ते फॉर्ममध्येही असले पाहिजेत.

"सिकल पॉझिटिव्ह" एवढंच लिहू नका

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात याहून महागात पडणारी चूक मला माहीत नाही. सोल्युबिलिटी ही पहिली, झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पुढच्या तपासणीनंतर ठरतं. नोंदीत हा फरक उतरला नाही तर धडधाकट वाहक पोरगी आयुष्यभर आजारी समजली जाते आणि खऱ्या रुग्णाच्या अंगदुखीला साधी दुखणी म्हणून परत पाठवलं जातं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे त्या जोडप्याला समजेल अशा भाषेत सांगून मगच नोंद पुरी करा.

आणि हा निकाल रांगेत मोठ्यानं वाचू नका! गावात त्यावरून सोयरीक मोडते. आजींची नोंद मोठ्यानं वाचा म्हटलं, ते नाव-गाव आणि गोळ्यांपुरतं. सिकलसेल, टीबी, एचआयव्ही बंद दाराआड. कोणती गोष्ट कुणासमोर बोलायची, हे रुग्णालाच विचारा.

ओटीपी म्हणजे होकार नव्हे

"आलेला आकडा सांगा" म्हणून आभाची नोंदणी उरकली जाते. बरेचदा तो मोबाईल पुण्याला कामाला गेलेल्या पोराकडे असतो, मग आकडा फोनवरून मागवतात आणि समोरच्या बाईला काहीच कळत नाही. आभा ऐच्छिक आहे. नसला म्हणून उपचार अडवायचे नाहीत. नोंद दुसऱ्या दवाखान्याला दाखवायची परवानगी घेताना काय दिसेल, कुणाला, कधीपर्यंत, हे मराठीत सांगा; मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडी-माडियात सांगणारं माणूस सोबत घ्या. परवानगी मागेही घेता येते, हे तर कुणीच सांगत नाही.

फॉर्म ठरतो तेव्हा रुग्ण खोलीत नसतो, खरं दुखणं तिथं आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. फवारणी करणारा मजूर फॉर्म बनवताना बसला असता तर "कोणतं औषध फवारलं, डबा आणला का, किती तास फवारलं" हे रकाने त्यानंच मागितले असते. आपल्याकडे मात्र "व्यवसाय: शेती" लिहून पुढं जातात. अशी बैठक सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत ठेवू नका, कुणी येणार नाही. मजुरी बुडाली तर ती भरून द्या.

नोंद चुकलेली सापडली तर जुनी खोडू नका. दुरुस्ती तारखेसह खाली जोडा, म्हणजे कुणी काय बदललं ते दिसतं. केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर (संगणकावरच्या आरोग्य नोंदी) मानकांप्रमाणे माहितीची मालकी रुग्णाची आहे, आणि कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत हा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. दुरुस्तीनंतर मोठ्या अक्षरांतली मराठी प्रत काढा आणि रुग्णाच्या हाती द्या. बहुतेकांकडे जुन्या कागदांची पिशवी असतेच. चुकीची चिठ्ठी तीत राहिली असेल तर त्यांच्यासमोर तिच्यावर काट मारा.