पोरांना करंट समजवायचाय? आधी टाकी, मग सायकल

आधी गच्चीवरची टाकी दाखवा. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला फोर्स, ते व्होल्टेज, सेकंदाला किती पाणी येतंय तो करंट, आणि नळीवर पाय दिला की पाणी अडतं तो रेझिस्टन्स. मग लगेच ओहमचा 1827 चा नियम काढा, करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स, 12 व्होल्टला 6 ओहम (रेझिस्टन्सचं माप) लावला की 2 अँपिअर (करंटचं माप), बास.

आता पोरगं विचारणारच, वायर कापली तर करंट खाली का सांडत नाही? (भाचीने विचारलं तेव्हा मी गप्प!) इथे टाकी सोडा न् सायकल उलटी करा. पेडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं पण चेनची कडी आपली हळूहळूच पुढे येते, आणि चेन तुटली की सगळंच थांबतं, सांडत काहीच नाही. वायरीतले इलेक्ट्रॉनपण असेच, बॅटरीच्या सर्किटमधे सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाहीत, तरी बटण दाबलं की दिवा लागतो कारण अख्खी वायर आधीच त्यांनी भरलेली असते आणि धक्का, म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड, जवळपास प्रकाशाच्या वेगाने पोचतो. घरच्या एसी लाइनला (म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट) पेडल पुढे-मागे हलवून दाखवा, वायरीत हेच सेकंदाला 50 वेळा होतं.